पाणी योजनेचं कंत्राट: लिफाफा उघडल्यानंतर काय?

गावच्या नव्या पाण्याच्या टाकीजवळ एक फलक उभा असतो. योजनेचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, कामाची मुदत आणि कंत्राटदाराचं नाव. हे शेवटचं नाव ज्याचं असतं, त्या माणसाला गावानं बऱ्याचदा पाहिलेलंही नसतं. चर खणायला जेसीबी आणला तो शेजारच्या तालुक्यातल्या कुणी, पाइप जोडले ते परजिल्ह्यातून आलेल्या टोळीनं, टाकीचं काँक्रीट आणखी तिसऱ्यानंच ओतलं. गळतीची तक्रार घेऊन लोक या माणसांकडे जातात तेव्हा उत्तर ठरलेलं असतं: आम्ही पेटीवर, म्हणजे पोटकंत्राटानं, काम घेतलंय, मूळ कंत्राटदाराला विचारा.

घरोघरी नळ देण्यासाठीच्या केंद्राच्या जलजीवन मिशनच्या अर्धवट, गळक्या किंवा कोरड्या पडलेल्या योजनांवर बोलताना आपण टक्केवारी, निधीटंचाई आणि दुष्काळ यांची नावं घेतो. तिन्ही कारणं खरी आहेत. पण त्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे आणि तिची पुरेशी चर्चा होत नाही. सार्वजनिक बांधकामाच्या कंत्राटांचे आपले नियम निविदेचा लिफाफा उघडेपर्यंत डोळ्यांत तेल घालून पहारा देतात. दर एकदा ठरला की हा पहारा उठतो. योजनेचं बरंवाईट मात्र त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत ठरतं. काम खरोखर कोण करतो, त्याला पैसे कधी मिळतात, आणि योजना पूर्ण झाली हे कोण ठरवतं, या प्रश्नांवर नियम तोकडे तरी आहेत किंवा कागदावरच आहेत.

निविदेआधीची व्यवस्था खरोखर कडक आहे. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक, उद्भव विहिरीसाठी (जिथून योजनेचं पाणी उचलायचं ती विहीर) भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा दाखला, ऑनलाइन निविदा, तांत्रिक आणि आर्थिक असे दोन लिफाफे, बयाणा रक्कम, अनुभवाचे आणि उलाढालीचे दाखले. कुणी फारच 'बिलो', म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी, दर भरला तर त्याच्याकडून जादा सुरक्षा ठेव घेतली जाते. हे सगळं कशासाठी? मर्जीतल्या माणसाला काम मिळू नये आणि सरकारचा पैसा वाचावा यासाठी. हेतू योग्य आहे आणि ऑनलाइन निविदांनी थोडाफार फरक पडलाही. पण या साऱ्या चाळणीतून जो पार होतो, तोच काम करणार आहे असं आपण गृहीत धरतो. खरी अडचण इथं सुरू होते.

महाराष्ट्रात छोट्या कामांच्या वाटपाचं एक जुनं सूत्र आहे. ३३ टक्के कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि उरलेली ३४ टक्के खुल्या गटाला. स्थानिक तरुणाला धंद्यात पाय रोवता यावा हा त्यामागचा विचार. पण त्याला रकमेची मर्यादा आहे. पाणी योजनेचं अंदाजपत्रक त्या मर्यादेच्या वर गेलं, किंवा अनेक गावांच्या योजना एकत्र करून एकच मोठी निविदा काढली, की उलाढालीची आणि अनुभवाची अट वाढते आणि हा तरुण शर्यतीतून बाहेर पडतो. काम मोठ्या कंपनीला किंवा वजनदार एजन्सीला मिळतं. त्या एजन्सीकडे एवढ्या गावांत एकाच वेळी पुरे पडतील इतकी माणसं आणि यंत्रं असतातच असं नाही. मग ती गावागणिक काम वाटून देते, आणि ते घेणारा बहुतेकदा तोच तरुण असतो, जो निविदेला अपात्र ठरला होता. फरक इतकाच की आता त्याच्या हाती कार्यारंभ आदेश नाही, सरकारदरबारी त्याचं नाव नाही, आणि दरही आधीच छाटलेला आहे.

हिशेब मांडून पाहू. समजा अंदाजपत्रक १ कोटीचं आहे. निविदा १५ टक्के बिलो गेली, म्हणजे ८५ लाख. मूळ कंत्राटदारानं त्यातून स्वतःचे १० टक्के काढून घेतले तर पोटकंत्राटदाराच्या वाट्याला साडेशहात्तर लाख येतात. त्यातून कर भरायचा, बिल निघेपर्यंतचं व्याज सोसायचं आणि टेबलाटेबलावर जे द्यावं लागतं ते द्यायचं. दरसूचीत एक कोटीचं ठरलेलं काम एवढ्यात होत नाही. मग कुठं तरी कात्री लागते. कुठं लागते हे पाहायचं असेल तर चराजवळ उभं राहावं लागतं.

अंदाजपत्रकात पाइपावर साधारण मीटरभर माती धरलेली असते. वरून ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्या जातात, म्हणून ही खोली लागते. जिथं मुरूम संपून कठीण खडक लागतो तिथं ब्रेकर लावावा लागतो. त्याचा दर वेगळा आणि वेळही जास्त. तोट्यात असलेला माणूस खडक लागला की खोली सोडतो आणि पाइप फूटभरावरच टाकतो. तळाला मऊ मातीची गादी करायची असते, ती राहून जाते आणि पाइप दगडाच्या धारेवर बसतो. काळ्या एचडीपीई पाइपावर निळ्या रेघांच्या शेजारी आयएस ४९८४ हा मानक क्रमांक, व्यास, दाबाचा वर्ग आणि उत्पादनाचा तपशील छापलेला असतो. ठरल्यापेक्षा कमी दाबाचा पाइप टाकला आहे का, हे त्या छपाईवरून कुठलाही दहावी शिकलेला मुलगा सांगू शकेल. पण चर उघडा असेपर्यंतच. एकदा बुजवला की खोली, गादी, पाइपाचा वर्ग, खडक किती घनमीटर फोडला, यातलं काहीही दिसत नाही. उरते ती मोजमाप पुस्तिका, आणि तिच्यात जे लिहिलं तेच खरं.

ती पुस्तिका कनिष्ठ अभियंत्यानं भरायची आणि वरच्यांनी तपासायची. एकेका अभियंत्याकडे इतकी गावं असतात की प्रत्येक चर उघडा असताना तिथं पोचणं त्याला अशक्यच आहे. त्रयस्थ तपासणी संस्था नेमलेली असते. तिचा माणूस टाकी पाहतो, पंपहाऊस पाहतो, फोटो काढतो, कारण या गोष्टी दिसतात. मातीखालच्या वाहिनीवर दाब देऊन पाणी थांबतं का, हे चर बुजवण्याआधी तपासायचं असतं. गावात ही चाचणी कधी झाली, असं विचारलं तर किती ठिकाणी तारीख सांगता येईल? लोकांच्या नजरेत टाकी म्हणजे योजना. खरी योजना मातीखाली असते, आणि तिचं दुखणं दोन वर्षांनी वर येतं.

आता या पोटकंत्राटाबद्दल कायदा काय म्हणतो? आपल्याकडच्या नेहमीच्या करारनाम्यात लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला द्यायला बंदी आहे. कलम स्पष्ट आहे, मोडलं तर कंत्राट रद्द होऊ शकतं. आणि तरीही प्रत्येक तालुक्यात, सर्वांच्या माहितीत, कामं पेटीवर दिली जातात. या बंदीनं पोटकंत्राट थांबलेलं नाही. पोटकंत्राटदार तेवढा अदृश्य झाला. त्याचा करार तोंडी किंवा शंभराच्या स्टॅम्पवरचा. तो तक्रार करू शकत नाही, कारण तक्रार केली तर आपण बेकायदा काम करत होतो हेच आधी कबूल करावं लागतं. अभियंता त्याच्यावर कारवाई करू शकत नाही, कारण कागदावर तो नाहीच. गावही त्याला जाब विचारू शकत नाही.

याचा सर्वांत भयंकर परिणाम पैशांच्या बाबतीत दिसला. केंद्राच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात जलजीवन मिशनसाठी सुमारे ७० हजार कोटींची तरतूद होती. सुधारित अंदाजात ती जेमतेम २२ हजार ७०० कोटींवर आली. वरचा नळ बंद झाला आणि खाली गावागावांत बिलं तुंबली. जुलै २०२५ मध्ये या मिशनचं काम केलेल्या एका तरुण कंत्राटदारानं थकलेल्या पैशांपायी जीव दिला, तेव्हा सरकारकडून सांगण्यात आलं की त्याच्या नावे आमच्याकडे कुठलंही देयक प्रलंबित नाही, तो पोटकंत्राटदार असावा. कागदोपत्री हे उत्तर बरोबर असेलही. पण एका माणसानं कर्ज काढून गावात पाणी आणायचं काम केलं आणि राज्याच्या एकाही कागदावर त्याची नोंद नव्हती, हे त्या उत्तरातूनच उघड होतं. अशी उत्तरं शक्य करणारी कंत्राटपद्धत बदलली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

बदलायची कशी, यासाठी एक दूरचं पण नेमकं उदाहरण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये पाणीपुरवठ्याचं काम पुष्कळ ठिकाणी वॉटर डिस्ट्रिक्ट करतात. ही फक्त पाण्यासाठीची स्थानिक स्वराज्य संस्था. १८८७ च्या राइट कायद्यानं तिथं शेतकऱ्यांना सिंचन डिस्ट्रिक्ट स्थापन करता आली आणि तिथून ही परंपरा वाढली. ओकलंड-बर्कली भागाला पाणी देणारी संस्था १९२३ ची आहे. या संस्थांची मंडळं साधारणपणे निवडून आलेली असतात आणि कंत्राट कुणाला द्यायचं हे ती उघड्या सभेत ठरवतात. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते.

त्या राज्यात सार्वजनिक कंत्राटाचा एक साधा नियम आहे. निविदा भरतानाच तिच्यात पोटकंत्राटदारांची नावं लिहावी लागतात. निविदेच्या एकूण रकमेच्या अर्धा टक्क्याहून जास्त काम ज्याला देणार, त्या प्रत्येकाचं नाव. काम मिळाल्यावर मनात आलं म्हणून नाव बदलता येत नाही. त्याचं दिवाळं निघालं, त्यानं करार करायला नकार दिला, अशी कायद्यात दिलेली कारणंच चालतात. ज्याचं नाव काढायचं त्याला नोटीस द्यावी लागते, आणि त्यानं हरकत घेतली तर सुनावणी होते. नियम मोडला तर त्या पोटकंत्राटाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. काम मिळाल्यावर पोटकंत्राटदारांना एकमेकांविरुद्ध झुंजवून दर पाडण्याची चाल तिथंही होतीच. अशानं माल आणि काम हलकं होतं, मजुरी बुडते आणि धंदे बुडतात, हे त्या कायद्यातच कारण म्हणून लिहिलेलं आहे. आपल्या तालुक्यातलं चित्र कुणी तिथं बसून लिहिलं असावं, इतकं ते आपल्याला लागू आहे.

दुसरा नियम पैशांचा. तिथं खासगी इमारतीवर काम करणाऱ्याचे पैसे थकले तर तो त्या मालमत्तेवर बोजा चढवू शकतो. सरकारी टाकीवर किंवा कालव्यावर बोजा चढवता येत नाही. म्हणून तिथं २५ हजार डॉलरच्या वरच्या सार्वजनिक कामात मूळ कंत्राटदाराला कामाच्या पूर्ण रकमेचा देयक हमी बाँड द्यावा लागतो. त्यानं पोटकंत्राटदाराचे, मजुरांचे किंवा पाइप पुरवणाऱ्याचे पैसे बुडवले तर ते हमीदाराकडून वसूल होतात. अमेरिकेच्या संघराज्य सरकारनं आपल्या कामांसाठी हीच कल्पना १९३५ च्या मिलर कायद्यात घातली. शिवाय वाद नसलेलं चालू बिल स्थानिक संस्थेनं ३० दिवसांत द्यायचं, नाहीतर वर व्याज. आणि पैसे हाती आल्यावर मूळ कंत्राटदारानं पोटकंत्राटदाराला सात दिवसांत द्यायचे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. वॉटर डिस्ट्रिक्टकडे स्वतःचा पैसा असतो, तो पाणीपट्टीतून आणि रोख्यांतून येतो. आपल्या जिल्हा परिषदेला मुंबईची वाट पाहावी लागते आणि मुंबईला दिल्लीची. निधीच आला नाही तर ३० दिवसांचा नियम करून काय उपयोग? माझं उत्तर असं की निधी हाती नसताना कार्यारंभ आदेश देणं हीच तर चूक आहे. किमान पहिल्या टप्प्याची रक्कम त्या कामाच्या नावे वेगळी काढल्याशिवाय आदेश द्यायचा नाही, असं बंधन घातलं तर कामं कमी सुरू होतील, पण सुरू झालेली पुरी होतील. २०२४ पर्यंत प्रत्येक घरात नळ, या मुदतीसाठी आपण हजारो चर एकदम खोदले. ती मुदत आता २०२८ वर गेली आहे. घाईनं नेमकं काय मिळवलं?

आणि वेळेत पैसे देण्याची कल्पना फक्त परदेशी नाही. केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं २९ ऑक्टोबर २०२१ ला काढलेल्या सूचनांत म्हटलं आहे की चालू बिलाच्या देय रकमेपैकी किमान ७५ टक्के बिल सादर झाल्यापासून कामाच्या दहा दिवसांत द्यावेत आणि उरलेली रक्कम तपासणी करून, बिल सादर झाल्यापासूनच २८ दिवसांत, तेही कामाचेच दिवस. या सूचना केंद्राच्या खात्यांसाठी आहेत. राज्याच्या पाणीपुरवठा विभागानं त्या आपल्या करारनाम्यात उतरवायला कुणाची आडकाठी नाही. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याचा २००६ चा कायदा आहे, पण बांधकामाच्या कंत्राटाला तो लागतो की नाही यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद चालू आहेत, म्हणून त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. करारातच कलम हवं.

दुसरा आक्षेप हमी बाँडचा. त्याला विम्यासारखा हप्ता भरावा लागतो, तो शेवटी निविदेच्या दरात येतो, आणि छोट्या कंत्राटदाराला असा बाँड कुणी सहजासहजी देत नाही. हे खरं आहे, आणि कॅलिफोर्नियातही या नियमांमुळे छोटं कामसुद्धा महाग आणि वकिलांच्या हाती जाणारं होतं, अशी तक्रार असते. म्हणून आपल्याकडे सगळं जसंच्या तसं आणू नये. मोठ्या, अनेक गावांच्या एकत्रित निविदांना हमी लावावी, एका गावाच्या छोट्या कामाला लावू नये. २०२२ पासून आपल्याकडे विमा कंपन्यांना सुरक्षा ठेवीसाठी जामीन बाँड देता येतात. तीच वाट देयक हमीपर्यंत नेता येईल. आणि जिथं बाँड शक्य नाही तिथं निदान एवढं करावं: अंतिम बिल काढण्याआधी मूळ कंत्राटदारानं नोंदवलेल्या प्रत्येक पोटकंत्राटदाराचा 'पैसे मिळाले' असा सहीचा दाखला जोडायचा. याला एक रुपयाही खर्च नाही.

नावं नोंदवण्याला मात्र मी कुठलीच सूट देणार नाही. टाकीजवळच्या त्या फलकावर मूळ कंत्राटदाराखाली चर कोण खणतो, पाइप कोण जोडतो, टाकी कोण बांधतो, ही नावं असलीच पाहिजेत. काहीजण म्हणतील की यानं बंदी असलेल्या गोष्टीला मान्यता मिळेल. ती गोष्ट राजरोस चालू आहे. तिला नाव दिलं की तिच्यावर नियम लावता येतात, अनुभवाचा दाखलाही खऱ्या काम करणाऱ्याच्या नावे जमा होतो, आणि पाचेक वर्षांत तो स्वतः निविदा भरण्याइतका पात्र होतो. आज त्यानं दहा गावांना पाणी दिलं तरी दहाही गावांचे दाखले दुसऱ्याच्या फायलीत जातात.

उरला प्रश्न काम पूर्ण झालं हे कोण ठरवणार याचा. जलजीवनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावात पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्यात निम्म्या स्त्रिया अपेक्षित आहेत, आणि 'हर घर जल' म्हणून गाव प्रमाणित व्हायला ग्रामसभेचा ठराव लागतो. तरीही गावाच्या हातात पैशांची कुठली किल्ली नाही. यामागे इतिहास आहे. स्वजलधारा, जलस्वराज्य या आधीच्या योजनांत समित्यांकडेच पैसे आणि निविदा दिल्या होत्या. चांगल्या समित्यांनी उत्तम कामं केली, पण पुष्कळ ठिकाणी हिशेब बिघडले आणि अध्यक्ष-सचिवांच्या नावे वसुलीच्या नोटिसा निघाल्या, गुन्हे नोंदले गेले. ज्यांना मोजमाप पुस्तिका वाचता येत नव्हती अशी माणसंही त्यात अडकली. त्या अनुभवानंतर सगळी सूत्रं पुन्हा जिल्ह्याकडे गेली. आणि बहुतेक जिल्हा परिषदांवर मार्च २०२२ पासून प्रशासक बसल्यामुळे, जलजीवनची कामं जोरात असताना सभेत उभं राहून जाब विचारणारा निवडून आलेला सदस्यही उरला नव्हता.

गावाकडे निविदा परत द्याव्यात असं मी म्हणत नाही. शेवटचे पैसे मात्र गावाच्या संमतीनंच सुटावेत. बिलाचे ठरावीक टक्के रोखून ठेवण्याची पद्धत आहेच. त्यातला शेवटचा भाग एक पूर्ण उन्हाळा गेल्यावरच द्यावा. आज योजनेची चाचणी पुष्कळदा डिसेंबर-जानेवारीत उरकते, जेव्हा विहीर काठोकाठ असते आणि कुठलीही टाकी भरते. माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळतं का, हे एप्रिल-मे महिन्यात, वाडीच्या शेवटच्या नळावर, समितीतल्या बायकांनी हंडा आणि घड्याळ लावून मोजावं आणि ग्रामसभेत वाचून दाखवावं. पाणी कमी भरलं तर कारण शोधावं. उद्भव आटला असेल तर त्याची जबाबदारी दाखला देणाऱ्या यंत्रणेची, तिचा भुर्दंड कंत्राटदारावर टाकू नये. पाइप गळत असेल, चढावर पाणी पोचत नसेल, तर रोखलेले पैसे दुरुस्ती होईपर्यंत सुटू नयेत.

चराचंही तसंच. दर शंभर मीटरला, बुजवण्याआधी, टेप लावलेला आणि पाइपावरची छपाई दिसेल असा फोटो ठिकाणाच्या नोंदीसह काढून त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. अभियंता पोचू शकत नाही तिथं ज्याच्या शेतातून चर जातो तो शेतकरी हजर असतोच. त्याची सही घ्यायला काय हरकत आहे?

यातल्या बहुतेक गोष्टींना विधिमंडळात कायदा करायची गरज नाही. नमुना निविदेत चार-पाच कलमं घालणारा शासन निर्णय पुरतो, आणि असे निर्णय विभाग वर्षभरात कितीतरी काढतो. तो निघेपर्यंत गावांनी थांबू नये. जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात, असा राज्याचा २०१८ चा निर्णय आहे. ज्या गावात पुढच्या महिन्यात चर खोदला जाणार आहे, तिथल्या सरपंचांनी आणि समितीतल्या बायकांनी एका सोमवारी जाऊन आपल्या योजनेचं अंदाजपत्रक मागून घ्यावं, त्यात पाइपाचा वर्ग, व्यास आणि चराची खोली काय लिहिली आहे ते वहीत उतरवून घ्यावं, आणि जेसीबी गावात येईल त्या दिवशी ती वही आणि टेप घेऊन चरावर हजर राहावं.